हेलनने घर का सोडले?

(महिलांच्या सभेत दिलेले भाषण)



आज मी आपणापुढे एका कादंबरीतील स्त्रीची हकीकत मांडणार आहे. वकिलाने कायदा सांगावा, कादंबरी कशाला, अशी शंका आपणापैकी कोणाच्या मनात येईल. परंतु या स्त्रीवर जो जुलूम झाला, तो तिच्या देशाच्या कायद्याने मना केलेला नव्हता. किंबहुना कायद्याच्या छत्राखालीच तो चालला होता. म्हणून तिची कहाणी वकिलाने सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

कादंबरीचे नाव 'दि टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल', म्हणजे वाइल्डफेल हॉलची भाडेकरीण. इंग्लंडमधील यॉर्कशायर प्रांतातल्या एका धर्मोपदेशकाची कन्या ॲन ब्राँटे हिने ती १८४८ साली 'ॲक्टन बेल' या टोपणनावाने प्रसिद्ध केली. ॲनने काही वर्षे श्रीमंतांच्या घरी मुलांची शिक्षिका म्हणून नोकरी केली होती, आणि दारूपायी आपल्या सख्ख्या भावाचा नाश होताना डोळ्यांनी पाहिला होता. पुस्तकावर असभ्यतेचा आरोप झाला तेव्हा, आपण सत्य सांगण्यासाठी लिहिले आहे, असे तिने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत निक्षून सांगितले. १८४९ साली, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी ती वारली.

कादंबरीची नायिका हेलन. वय अठरा. आर्थर हंटिंग्डन नावाच्या देखण्या, गोडबोल्या तरुणावर तिचे मन बसते. तिची आत्या तिला सावध करते; पण 'माझ्या प्रेमाने मी याला सुधारीन' या भ्रमात ती लग्न करते. हा भ्रम काही इंग्लंडातच पिकतो असे नाही. लग्नानंतर खरा मनुष्य दिसू लागतो. तो दारूबाज, बाहेरख्याली आणि पत्नीच्या दुःखाची थट्टा करणारा निघतो. त्याचे दुसऱ्या स्त्रीशी असलेले संबंध उघडकीस येतात, तेव्हा हेलन त्याला विचारते : मूल आणि माझ्या संपत्तीतले जे उरले असेल ते घेऊन मला जाऊ द्याल काय? तो नाही म्हणतो. संपत्ती ठेवा, मूल तरी द्याल काय? तेही नाही. कारण काय, तर लोकांत आपली चर्चा होईल! पत्नीच्या अपमानाची त्याला लाज नाही. तो अपमान लोकांना कळेल याची मात्र आहे.

हे सारे हेलनने सोसले. पण नवरा व त्याचे मित्र तिच्या लहानग्या मुलाला दारू पाजू लागले, शिव्या शिकवू लागले आणि आईची अवहेलना करावयास लावू लागले, तेव्हा तिने निश्चय केला. तिला चित्रकला येत होती. आजवर हौस असलेली ती कला तिने उदरनिर्वाहाचे साधन करावयाचे ठरविले आणि ती गुपचूप चित्रे काढू लागली. एके दिवशी नवऱ्याने तिची रोजनिशी बळजबरीने वाचली, बेत ओळखला, रंग, कुंचले, घोडी सारे आगीत टाकले आणि तिचे पैसे व दागिने ताब्यात घेतले.

भगिनींनो, येथे क्षणभर थांबा. आपण म्हणाल, तिने न्यायालयात का धाव घेतली नाही? कथा घडते ती १८२० च्या दशकात. त्या वेळच्या इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे विवाह झाला की पत्नीचे स्वतंत्र व्यक्तित्व पतीच्या व्यक्तित्वात लोप पावे. तिची रोख रक्कम, दागिने, तिने कमावलेला पैसा, तिचे कुंचलेदेखील पतीचे. म्हणजे हंटिंग्डनने पत्नीची हत्यारे जाळली नाहीत. कायद्याच्या दृष्टीने त्याने स्वतःचीच वस्तू जाळली! मूल तर पूर्णपणे बापाचे. लहान मुलाच्या ताब्यासाठी आईला अर्ज करता येऊ लागला तो १८३९ च्या कायद्याने, आणि तोही मूल सात वर्षांचे होईपर्यंतच. घटस्फोटाचे न्यायालय १८५७ साली आले. तेथेही पुरुषाला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. स्त्रीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, त्याग यांसारखा दुसरा अपराध सिद्ध करावा लागे. विवाहितेची कमाई तिच्या स्वतःच्या मालकीची झाली ती १८७० साली. आणि पतीला पत्नीस कोंडून ठेवण्याचा अधिकार नाही, हे तेथील वरिष्ठ न्यायालयाने स्वच्छ सांगितले ते १८९१ साली. हेलनपाशी यांपैकी काहीही नव्हते. मुलाला घेऊन तिने उंबरठा ओलांडला तेव्हा कायद्याच्या लेखी अपराधी तीच होती.

मग ती तरली कशी? दोन गोष्टींनी. पहिली, तिच्या हातातील कला. दुसरी, तिचा भाऊ. फ्रेडरिक लॉरेन्स प्रथम कचरतो, बेत अव्यवहार्य आहे म्हणतो. पण अखेर आपल्या पडीक वाड्यातील दोन-तीन खोल्या दुरुस्त करून बहिणीसाठी तयार ठेवतो. एके दिवशी पहाटे, वेष पालटून, रेचेल नावाच्या निष्ठावंत दासीसह आणि मुलासह हेलन निघते. दुसरे नाव घेऊन त्या खोल्यांत राहते, चित्रे काढते, ती लंडनला विकली जातात आणि त्यावर ती आपले पोट भरते.

गावाने तिला सुखाने राहू दिले काय? नाही. ही एकटी बाई कोण? हिचा नवरा कोठे? मुलाचा तोंडवळा लॉरेन्ससारखा कसा? मामाच्या वळणावर गेलेल्या मुलावरून लोकांनी भावाबहिणीच्या नात्याला कलंक लावला. एकटी राहणारी स्त्री दिसली की तिच्या चारित्र्याचा पंचनामा करावयास माणसे गोळा होतात, हा अनुभव आपल्या वस्त्यांनाही परका नाही. तसे करणाऱ्यांत आपण आहोत काय, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

गावातील लोक तिला आणखी एक दोष देतात. मुलाला दारूची किळस यावी असे तिने वळण लावले, तेव्हा शेजारीण म्हणते, असे केलेस तर पोर बायकी होईल. हेलन उलट विचारते की, मुलीला जपावे आणि मुलाला मोकळे सोडावे हा कोठला न्याय? मला हे या पुस्तकाचे मर्म वाटते. पत्नीला छळणारा पुरुष आकाशातून पडत नाही. तो कोणाच्या तरी घरात, कोणाच्या तरी लाडाने घडतो. पंचशीलातील पाचवे शील आपण रोज म्हणतो. ते मुलाच्या कानावर पडते, की बापाच्या हातातील पेला त्याच्या डोळ्यांना दिसतो, याचा विचार घरोघर झाला पाहिजे.

पुढे नवरा मरणपंथाला लागतो आणि हेलन त्याच्या शुश्रूषेला परत जाते. काही वाचकांना हा तिचा दुबळेपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. मुलाला भेटण्याची त्याची इच्छा पुरी करण्यापूर्वी ती त्याच्याकडून साक्षीदारासमक्ष लेखी कबुली घेते की, मूल सर्वस्वी तिच्या ताब्यात राहील आणि ती त्याला केव्हाही नेऊ शकेल. करुणा असावी, पण हक्क सोडून देऊन नव्हे. करुणा एका हाताने द्यावी, दुसऱ्या हातात कागद असावा!

आता आपल्याकडे वळू. विवाहितेने पतीची दासी होऊ नये, मैत्रीण म्हणून समानतेने उभे राहावे, असे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. हिंदू कोड बिल रखडले, हे १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडण्याचे एक प्रमुख कारण होते. पुढे त्यातूनच जे कायदे झाले, त्यांतील १९५५ चा विवाहविषयक कायदा बौद्धांनाही लागू आहे. क्रौर्य हे घटस्फोटाचे कारण १९७६ च्या दुरुस्तीने झाले. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. मारहाणच नव्हे, तर अपमान आणि आर्थिक छळ हेही त्यात हिंसाचार ठरले आहेत. स्त्रीचे पैसे व स्त्रीधन हिरावणे आज त्यात बसते. राहत्या घरातून तिला हुसकता येत नाही, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. मुलांचा तात्पुरता ताबा मॅजिस्ट्रेट देऊ शकतो. तिच्या वतीने संरक्षण अधिकारी किंवा अन्य कोणीही अर्ज करू शकतो. आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात त्यासाठी अर्ज करावा.

म्हणजे हेलनला जे मिळाले नाही ते आपल्या कन्येला कायद्याने मिळाले आहे. परंतु हेलनला जे मिळाले होते, ते आपल्या कन्येला मिळते काय? तिच्या हाताला कला होती. पाठीशी भाऊ होता. या दोन गोष्टी कोणतेही विधिमंडळ देऊ शकत नाही; त्या माहेरच देऊ शकते. मार खाऊन आलेल्या मुलीला 'चार दिवस राहा आणि परत जा' असे सांगणारा बाप, दाराशी आलेल्या बहिणीकडे पाहून बायकोच्या तोंडाकडे पाहणारा भाऊ, हे २००५ च्या कायद्याचे पान फाडून टाकीत असतात. कोर्टाचा हुकूम व्हावयास दिवस लागतात. त्या दिवसांत ती रात्री कोठे निजणार?

म्हणून माझे मागणे मोठे नाही. बापांनो, मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढण्यापूर्वी तिला पोट भरता येईल असे शिक्षण द्या आणि तिच्या नावाने बँकेत खाते उघडा. भावांनो, लॉरेन्सने वाडा दिला नाही, दोन-तीन खोल्या दिल्या. तुम्ही एक खोली द्या. आणि भगिनींनो, तुमची कागदपत्रे, तुमचे दागिने, तुमच्या मुलांचे दाखले तुमच्या हाती असू द्या. सोसणे हा सद्गुण आहे असे तुम्हांला शिकविले गेले असेल; पण ज्या सोसण्याने तुमचे मूल अन्याय करावयास शिकते, ते सोसणे सद्गुण नव्हे. हेलनने घर सोडले ते एवढ्याचसाठी.

जयभीम.