हायस्कुलातील ग्रंथालय
(वार्षिक स्नेहसंमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. या व्यासपीठावर डॉक्टर, वकील, इंजिनियर अशी विद्वान मंडळी विराजमान आहे. माझे शिक्षण मॅट्रिक, आणि त्यावर अध्यापनाची पदविका, एवढेच. परंतु सातारा जिल्ह्यातील एका हायस्कुलात ३६ वर्षे शिकवीत असता त्यांपैकी १९ वर्षे तेथील ग्रंथालयाची किल्ली माझ्या खिशात होती. त्या किल्लीविषयी बोलण्याचा थोडाफार अधिकार मला पोहोचतो, असे वाटल्यावरून उभा राहिलो आहे.

आपल्या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे डॉ. रंगनाथन हे मूळचे गणिताचे शिक्षक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी आपले पाच नियम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांतील पहिलाच नियम असा, की ग्रंथ हे उपयोगासाठी असतात. ऐकताना वाटते, यात नवे ते काय? पण मी स्वतः कित्येक वर्षे या नियमाच्या नेमके उलट वागलो, हे आज आपणांपुढे कबूल करतो.

त्याचे कारणही सांगतो. ग्रंथालयाचा कार्यभार हाती येतो तेव्हा पुस्तकांबरोबर दाखल नोंदवही येते. प्रत्येक पुस्तकास दाखलांक असतो, वर्षअखेर पडताळणी होते आणि जे पुस्तक सापडत नाही त्याची किंमत कार्यभार असलेल्याच्या माथी बसते. फाटलेल्या पुस्तकाचे निर्लेखन करावयाचे तर अर्ज, ठराव, मंजुरी! त्यापेक्षा कपाटास कुलूप ठेवावे हे उत्तम, असा शहाणपणा बहुतेक शाळांतून रूढ झाला आणि मीही त्यास शरण गेलो. आठवड्यातून एक तास मी दार उघडीत असे. वर्गनायक यादी करी आणि रेशनवर धान्य वाटावे तशी मी पुस्तके वाटीत असे. जे हाती येईल ते न्यावे. आपणांस कोणते पाहिजे, हे मी मुलांस विचारल्याचे स्मरत नाही.

नववीतला एक मुलगा होता. त्याचे वडील बाजारपेठेत घड्याळदुरुस्ती करीत. घड्याळांची माहिती असलेला विश्वकोशाचा खंड त्याला पाहिजे होता. तीन वेळा तो आला. तीनही वेळा, ‘संदर्भग्रंथ बाहेर देत नाहीत,’ असे सांगून मी त्यास परत पाठविले. नियम खराच होता. परंतु खोलीत बसून वाच, असे म्हणण्यास कोणता नियम आड येत होता? पुढे एके दिवशी मधल्या सुटीत मी व्हरांड्यातून जात असता तो खिडकीच्या गजांना धरून उभा दिसला. कपाटाच्या काचेतून दिसणाऱ्या खंडांच्या पाठीवरील अक्षरे तो वाचीत होता. मला पाहताच चोरी करताना सापडल्यासारखा पळाला. सद्गृहस्थहो, लाज वाटावयास हवी होती ती मला.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुटीत आणि शाळा सुटल्यावर अर्धा तास मी ती खोली उघडी ठेवू लागलो. पुढील तीन वर्षांत सात पुस्तके गेली. त्यांची किंमत मी पगारातून भरली, आणि घरी त्यावरून बोलणीही खाल्ली. दोन पुस्तके परत आली. उरलेली पाच कोठे तरी वाचली जात असतील, अथवा रद्दीत गेली असतील.

शिक्षकांसही ग्रंथालय तितकेच लागते, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही. एकदा वर्गात एका मुलीने विचारले, ‘सर, पगार हा शब्द मराठीच आहे ना?’ मी ठोकून दिले, ‘अर्थात!’ मोकळ्या तासाला कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश उघडला, तो तो शब्द पोर्तुगीजांकडून आलेला निघाला. बटाटाही तिकडचाच. दुसऱ्या दिवशी वर्गात मी माझी चूक सांगितली आणि तो कोशच टेबलावर नेऊन ठेवला. त्या आठवड्यात मुलांनी घरातील निम्म्या वस्तूंची कुळी शोधून काढली! दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, मोल्सवर्थ, महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश ही पुस्तके मजसारख्या तुटपुंज्या पगाराच्या शिक्षकाने घरी कोठून आणावी? हाताशी कोश नसला म्हणजे शिक्षक मार्गदर्शिकेवर विसंबतो, आणि मग वर्गात मार्गदर्शिकेपलीकडचा प्रश्न त्यास आवडेनासा होतो.

आता हे सारे मोबाइलवर मिळते, असे तरुण मंडळी म्हणतील. वाईस सिद्ध झालेल्या विश्वकोशाचे खंड आता संगणकावर फुकट वाचावयास मिळतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु मोबाइल आपण विचारू तेवढेच सांगतो. ज्यास काय विचारावे हेच अद्याप उमगलेले नाही, त्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे काय? ड्युई यांच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा अंक ८९१.४६, त्या फळीपाशी कवितेचे पुस्तक शोधीत उभ्या राहिलेल्या मुलीच्या हाती शेजारचे नाटक लागते. शिवाय पुष्कळ घरांतून मोबाइल एकच असतो, आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो.

निवृत्तीनंतर, २०२० साली बंद झालेल्या शाळा पुन्हा भरू लागल्यावर, मी आमच्या हायस्कुलात सहज डोकावलो. ग्रंथालयाच्या खोलीत पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलेली होती. पोत्यांमागे कपाट, कपाटास कुलूप, आत कसर. किल्ली कोणापाशी आहे, हे शिपायासही ठाऊक नव्हते. दोष कोणाचा म्हणावा? ग्रंथपालाची जागा नाही, शिक्षकांस इतर कामे पुष्कळ. आणि तांदूळही कोठे तरी ठेवलाच पाहिजे.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे एक सूचना मांडतो. गुणगौरवातील शाल, श्रीफळ व स्मृतिचिन्हे यांचा खर्च यंदापासून निम्मा करावा, आणि उरलेल्या रकमेतून आपली मुले शिकत असलेल्या हायस्कुलांना दरसाल पुस्तकांची एकेक पेटी द्यावी. यावर काल बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, ‘गुरुजी, वर्गणी आपल्या लोकांची, मग पुस्तके इतरांच्या मुलांनी का वाचावी?’ मी त्यांस एवढेच म्हटले, की दादा, आपण उभयतां ज्या वाचनालयात बसून मॅट्रिकचा अभ्यास केला, ते आपल्या ज्ञातीने बांधलेले नव्हते. ते हसले, पण सूचनेस संमती अद्याप दिलेली नाही. आजच्या सभेने ती द्यावी अशी विनंती आहे.

आणखी एक स्पष्ट सांगतो, राग नसावा. दिवाळीच्या साफसफाईत निघालेली जुनी गाइडे आणि रद्दीवाल्याने नाकारलेले अंक पेटीसाठी आणू नयेत. गेल्या खेपेचा अनुभव ताजा आहे.

माझ्या संग्रहातील ४० पुस्तके, दोन शब्दकोशांसह, मी सोबत आणली आहेत. ती चिटणीसांच्या स्वाधीन करतो. पेटी घेणाऱ्या शाळेस अट एकच असावी. पेटीस कुलूप खुशाल लावावे, परंतु किल्ली शिक्षकाच्या खिशात नसावी. मुलांपैकी दोघांकडे ती पाळीपाळीने असावी. एखादे पुस्तक हरवल्यास त्याची किंमत, हयात असेपर्यंत, मजकडून घ्यावी.