त्वचेचे आरोग्य आपल्या ताटात

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





‘आहार आणि त्वचा’ हा आजचा विषय ऐकून काही विद्यार्थिनींना वाटले असेल की, गोरे होण्याचा एखादा उपाय आज ऐकावयास मिळेल. असा उपाय माझ्याजवळ नाही. आपल्या कातडीचा मूळ रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यावर ठरतो. ते किती असावे हे आई-वडिलांकडून येते आणि उन्हाने त्यात थोडी भर पडते. केशर घातलेले दूध पिऊन हा रंग उजळत नाही व चहा पिऊन काळवंडत नाही. आपल्या वसमतची हळद दूरदूर जाते, पण तीही कोणाला गोरे करीत नाही. मात्र रंग वेगळा आणि कांती वेगळी. सावळी त्वचा तुकतुकीत असू शकते आणि गोरी त्वचा निस्तेज, खरखरीत असू शकते. हा फरक बराचसा ताटातून येतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच मुलखातले आहे. ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या पठारावर पूर्वी ‘पेलाग्रा’ नावाचा रोग आढळत असे. जो भाग उन्हाला उघडा राहतो, म्हणजे हातांची व पायांची वरची बाजू, मान आणि चेहरा, तेथील कातडी दोन्ही बाजूंना सारखीच काळपट होई, भेगाळे आणि तिचे पापुद्रे निघत. गळ्याभोवती तर हार घातल्यासारखा पट्टा दिसे. पुढे जुलाब लागत, झोप उडे, मन खिन्न होई आणि काही रोगी भ्रमिष्ट होत. घरच्यांना मात्र वाटे की कातडी उन्हाने करपली किंवा कोणाची नजर लागली.

या रोगाचे वर्णन प्रथम स्पेनमधील कॅसल या वैद्याने १७३५ मध्ये केले. पुढे इटलीत त्याला ‘पेलाग्रा’ हे नाव मिळाले. त्याचा अर्थ ‘खरखरीत कातडी’. तेथील गरीब शेतकरी मक्यावर जगत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात हा रोग पसरला, तेव्हा तो संसर्गजन्य समजून लोक रोग्यांना टाळू लागले. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ च्या सुमारास दाखवून दिले की, दूध, अंडी, मांस दिले की रोग हटतो आणि निकृष्ट आहारावर ठेवले की धडधाकट माणसालाही तो होतो. १९३७ मध्ये एल्व्हेजेम यांनी ज्या द्रव्याच्या अभावी हे घडते ते शोधून काढले. ते म्हणजे नायसिन, ‘ब’ गटातील एक जीवनसत्त्व.

मग प्रश्न उरला तो आपला. आपल्याकडे मका नव्हे, ज्वारी खाल्ली जाते. मग येथे हा रोग का? हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकंटिया यांनी १९६० मध्ये त्याचे एक उत्तर मांडले. ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसिन हे द्रव्य जास्त असते, व ते शरीरातील नायसिनच्या व्यवहारात अडथळा आणते, असे त्यांचे म्हणणे होते. या मीमांसेवर शास्त्रज्ञांत पुढे वाद झाले. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. हा रोग ज्वारी खाणाऱ्या सर्वांना होत नसे; ज्यांच्या ताटात भाकरीशिवाय फारसे काही नसे, त्यांना तो गाठी. भाकरी, मिरची आणि मीठ, एवढ्यावर दिवस काढणाऱ्या मजुरांचा तो रोग होता.

१९७२ चा दुष्काळ घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. खडी फोडून आणलेल्या मजुरीत परदेशी मिलोची लाल भाकरी मिळाली तरी लोक समाधान मानीत. पुढे रेशनवर गहू-तांदूळ येऊ लागला, आहारात विविधता आली आणि पेलाग्रा पुष्कळ कमी झाला.

यावरून ज्वारी वाईट, असा अर्थ कृपा करून काढू नका. ज्वारी सकस धान्य आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, त्यात ज्वारीही होती. ज्वारी एकटी पडू नये, एवढेच मला सांगावयाचे आहे. तिच्याबरोबर वरण असावे, मूठभर शेंगदाणे किंवा शेंगदाण्याची चटणी असावी. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असते. मांस, मासे व कलेजीतही असते. दूध-अंड्यात ते थोडे असले तरी त्यांतील ट्रिप्टोफॅनपासून शरीर स्वतः नायसिन बनविते. साठ मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून सुमारे एक मिलिग्रॅम, असा त्याचा हिशेब आहे.

आहारातील इतर उणिवाही कातडी बोलून दाखविते. काही मुलांच्या कोपरांवर व गुडघ्यांवर काटेरी पुरळ येते, हात फिरविला तर किसणीसारखे लागते. चांगली स्निग्धाम्ले व जीवनसत्त्वे कमी पडल्याची ती खूण असू शकते. आपल्याकडची करडई येथे उपयोगी आहे. तिच्या तेलात आवश्यक स्निग्धाम्ल भरपूर असते. जवसाची व कारळ्याची चटणीही विसरू नये. ‘अ’ जीवनसत्त्वासाठी शेवग्याचा पाला, गाजर आणि पालेभाज्या. ‘क’ जीवनसत्त्वासाठी आवळा व पेरू. लोह कमी पडले की चेहरा फिका दिसतो. प्रथिने फारच कमी पडली तर लहान मुलांचे केस तांबूस व विरळ होतात.

आता तारुण्यपीटिकांविषयी. या वयात शरीरातील संप्रेरके वाढतात, त्वचेतील तेलग्रंथी अधिक तेल सोडतात, म्हणून पुटकुळ्या येतात. मसाल्याने त्या येतात याला आधार नाही. मात्र साखर, मैदा व गोड पेये यांच्या अतिरेकाशी त्यांचा संबंध आढळला आहे. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी तळलेले पदार्थ आणि रंगीत सरबते यांचाच मारा करण्यापेक्षा खजूर, फळे आणि उकडलेले हरभरे घ्यावेत, इफ्तार ते सहरीच्या दरम्यान पाणी पुरेसे प्यावे.

काही गैरसमजही दूर केले पाहिजेत. मासे खाऊन वर दूध प्यायल्याने कोड होत नाही. कोडात शरीराचीच संरक्षक यंत्रणा रंगपेशींवर उलटते. तो लागत नाही, आणि त्यावरून कोणाचे लग्न मोडणे हा अन्याय आहे. परंतु फिकट किंवा लालसर चट्ट्याला बधिरपणा असेल तर पथ्य करीत बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्यावर मोफत उपचार मिळतो आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

आणखी एक धोका बाजारातून येतो. गोरे करण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही मलमांत स्टेरॉइड असते, काहींत पारा असतो. पहिले काही दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटतो. नंतर स्टेरॉइडने कातडी पातळ व लाल होते, पुटकुळ्या उठतात, केस वाढतात. पारा तर मूत्रपिंडाला अपाय करतो. मुलीच्या रंगाची काळजी वाहणाऱ्या पालकांनो, त्या डबीचे पैसे अंड्यांवर व फळांवर खर्च करा.

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगतो. पुष्कळ घरांत पुरुष आधी जेवतात, मग मुले, आणि आई सर्वांच्या शेवटी. तोवर भांड्यात रस्सा उरतो, बोटी व डाळ संपलेली असते. मुलीही आईकडे पाहून तेच शिकतात. मग त्यांचे फिके चेहरे आणि गळणारे केस पाहून आपण औषध विचारीत फिरतो. औषध आपल्याच दस्तरखानावर आहे. फक्त वाढण्याचा क्रम बदलावयास हवा. उद्यापासून सर्वांनी एकत्र बसावे आणि आईचे ताट आधी वाढावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.