परकीय साज, स्वकीय आशय



संस्थानिकांच्या पाश्चात्त्य अनुकरणाचा विषय निघाला की बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याकडे बोट दाखविले जाते. ते अकारण नव्हे. १८९० साली पूर्ण झालेल्या या वास्तूचा आराखडा मेजर मँट या इंग्रजाचा; त्याच्या निधनानंतर चिझम याने काम तडीस नेले. दरबार महालाची जमीन व्हेनिसच्या मोझेइकची, पुतळे फेलिची या इटालियन शिल्पकाराचे. आपल्याकडे पाथरवटांची वाण नसताना हा खर्च परदेशी हौसेवर का, हा प्रश्न रास्तच आहे.

परंतु त्याच महालासाठी सयाजीराव महाराजांनी १८८८ साली राजा रविवर्मा यांच्याकडून चौदा चित्रे करवून घेतली. तैलरंग युरोपचे, छायाप्रकाशाचे तंत्र युरोपचे. विषय मात्र हरिश्चंद्र, शंतनू-मत्स्यगंधा, अर्जुन-सुभद्रा! पुढे १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत शिळाप्रेस काढला. यंत्रे जर्मन, पण त्यांतून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती मध्यमवर्गीयांच्या देवघरांत जाऊन बसल्या.

आणि पोशाख? १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात अन्य राजे जडजवाहिराने मढून आले. सयाजीराव साध्या पांढऱ्या वेषात, हाती काठी घेऊन आले. बादशहा पंचम जॉर्जपुढे एकदाच मान लववून ते पाठ फिरवून चालू लागले. लंडनची वृत्तपत्रे खवळली. महाराजांना व्हाइसरॉयकडे दिलगिरीचे पत्र धाडावे लागले, हेही खरे. व्हेनिसच्या जमिनीवर नित्य वावरणाऱ्या राजाकडून इंग्रजांना ही अपेक्षा नव्हती.