सरळ शेपटीची चादर

पैठणच्या नाथसागराचें पुष्कळ पाणी उन्हाळ्यांत नुसतें वाफ होऊन जातें. त्यावर स्निग्ध पदार्थाची चादर पसरली तर? मात्र वाटेल तें तेल येथें उपयोगी नाहीं. रेणूची घडण पाहावी लागते.

अशा रेणूचें डोकें पाण्याला धरून राहतें, शेपटी हवेंत उभी असते. शाळेंत मी मुलांकडून काड्यांच्या मोळ्या बांधवीत असें. सरळ काड्या दाटून बसत. वाकड्यांच्या मोळींत फटी राहत. सेटिल अल्कोहोलची 16 कार्बन-अणूंची शेपटी सरळ, म्हणून त्याची चादर वाफ अडविते. करडईच्या तेलांतील बहुतेक शेपट्यांना बाक असतो. तेथें वाफ निसटते. थंडींत तूप थिजतें आणि हें तेल पातळ राहतें, त्याचेंहि मुख्य कारण हेंच.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत 1960 नंतरच्या दशकांत याच हेतूनें सरळ शेपटीच्या अल्कॉक्सि-इथेनॉलांचा अभ्यास झाला. चादर एकाच रेणूच्या जाडीची. वारा ती किनाऱ्याकडे लोटतो. म्हणून विस्तीर्ण जलाशयापेक्षां आडोशाच्या लहान तळ्यावरच तिचा भरंवसा अधिक. मराठवाड्यांत अशीं तळीं राखणें हेंहि थोडें काम नव्हे.