शेजार पुरत नाही



जातीचा नाही, धर्माचा नाही, परतफेडीची आशा नाही, अशा माणसासाठी कुणी पदरमोड का करतो? आपल्या पुण्यातलीच एक हकिकत पाहू.

गोविंदराव फुल्यांनी लोकांचं ऐकून जोतीला शाळेतून काढलं आणि मळ्यात कामाला लावलं. पोराची वाचनाची ओढ दोन शेजाऱ्यांनी हेरली: उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि ख्रिस्ती लिजिट साहेब. दोघांनी बापाची समजूत घातली आणि 1841 साली जोतीराव पुन्हा मिशनच्या शाळेत जाऊ लागले. धर्माधर्मांतल्या ऐक्याचा विचार त्यांच्या मनात असेल-नसेल. समोर एक हुशार पोरगं वाया जात होतं, हे मात्र त्यांना दिसत होतं.

पण नुसत्या शेजारानं भागत नाही. पेठांमधून जाती पिढ्यान् पिढ्या जवळजवळ राहिल्या, तरी पाणवठे वेगळेच राहिले. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1954 साली लिहिलं, की नुसत्या सहवासानं पूर्वग्रह जात नाहीत; दोन्हीकडची माणसं बरोबरीच्या नात्यानं एका कामाला लागावी लागतात, आणि त्याला कायद्याचा, वडीलधाऱ्यांचा पाठिंबा असला तर उत्तम.

1848 मध्ये जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा यातली पहिली गोष्ट होती. तात्यासाहेब भिड्यांनी बुधवार पेठेतला आपला वाडा दिला. सदाशिव गोवंडे, मोरो वाळवेकर हे ब्राह्मण मित्र सोबतीला होते. वडीलधाऱ्यांच्या पाठिंब्याचं मात्र उलटंच! शाळेत शिकवायला जाणाऱ्या त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंवर शेण-चिखल फेकला जाई. 1849 मध्ये गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं, तेव्हा जोतीरावांचे मित्र उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. म्हणून मला वाटतं, ऑलपोर्टनं या पाठिंब्याची अट घातली नाही, ते बरंच झालं. काम पुरेसं मोठं असलं, तर वरचा पाठिंबा नसतानाही माणसं एकमेकांना धरून राहतात.

उस्मानभाईंच्या घरची फातिमा शाळेच्या कामात होती. ऑक्टोबर 1856 मध्ये आजारी सावित्रीबाईंनी माहेरून, नायगावहून, जोतीरावांना पत्र धाडलं. त्यात त्यांना फातिमाची काळजी आहे: आपल्यामागे सगळा भार तिच्यावर पडला असेल, पण ती कुरकुर करायची नाही.