पत कोण ठरवतं?

(दिल्लीत शिकणाऱ्या बहुजन विद्यार्थ्यांच्या अभ्यासगटासमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



आयोजकांनी मला विषय दिला, 'फायनान्स आणि बिझनेसचं शिक्षण, आणि करिअरची तयारी'. समोर बी.कॉम.वाले आहेत, एम.बी.ए.वाले आहेत, अर्थशास्त्राचेही काही जण दिसतायत. तयारीबद्दल मी शेवटी बोलेन. त्याआधी एका शब्दाबद्दल बोलायचंय. तो शब्द आहे पत.

आपल्या मराठीत पतपेढी म्हणतात, पतपुरवठा म्हणतात. तिथे पत म्हणजे उधार मिळण्याची लायकी. आणि 'त्याची गावात पत आहे' असं म्हणतो, तेव्हा पत म्हणजे इज्जत. एकच शब्द दोन्हीकडे चालतो. विद्यापीठात मला पहिला अर्थ शिकवला. दुसरा मी घरूनच शिकून आले होते.

मी परभणी जिल्ह्यातली. वडील मोंढ्यात हमाल. शेतकऱ्याच्या हातात जी पट्टी पडते, तिच्यातून अडत, तोलाई, हमाली कशी कापली जाते हे मला दहाव्या वर्षी तोंडपाठ होतं, कारण वडील रात्री घरी येऊन तेच बोलायचे. आई बचत गटात होती. दहा बायका, महिन्याला पन्नास रुपये. कुणालाच नीट लिहिता येत नव्हतं, म्हणून आठवीपासून गटाची वही माझ्याकडे. कुणी किती घेतलं, किती फेडलं, व्याज किती. त्या वहीत एकही रक्कम बुडाली नाही. पण गटाचं बँकेत खातं उघडायला आईला तीनदा खेटे घालावे लागले. आणि कोपऱ्यावरचा किराणावाला गुरुजींना महिनाभराची उधारी द्यायचा, आमच्या भीमनगराला आठवड्याची. आम्ही त्याचा रुपया बुडवला होता म्हणून नव्हे. आमची पत तेवढीच, असं त्याने आधीच धरलेलं होतं.

पुढे एम.बी.ए.ला आले आणि बँकिंगच्या पेपरात कर्जाचे 'पाच सी' शिकले. कॅरेक्टर, कपॅसिटी, कॅपिटल, कोलॅटरल, कंडिशन्स. म्हणजे कर्ज मागणाऱ्याची नियत, फेडण्याची ताकद, स्वतःचं भांडवल, तारण आणि बाजाराची परिस्थिती. शेवटचे चार मोजता येतात. पहिला कसा मोजायचा? सरांनी सांगितलं, पूर्वीचा व्यवहार बघायचा, समाजातलं नाव बघायचं. वर्गात सगळ्यांनी ते लिहून घेतलं. मीही घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर तो किराणावाला आला, पण हात वर करायचं धाडस झालं नाही. हा प्रश्न तुम्ही तुमच्या वर्गात विचारा, एवढं एक आजच्या भाषणातून घेऊन गेलात तरी पुरे.

हा प्रश्न आपल्या इतिहासात जुना आहे. बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो, पण शिक्षणाने ते मुळात अर्थतज्ज्ञ. कोलंबियात अर्थशास्त्र, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी., आणि त्याच वर्षी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' प्रसिद्ध झालं. पुढे हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी चलनाच्या प्रश्नावर साक्ष दिली. रिझर्व्ह बँकेचा सगळा आराखडा त्यांनीच काढला, असे मेसेज फिरत असतात. एवढं ताणायची गरज नाही. जे कागदावर आहे तेच पुरेसं मोठं आहे.

पण त्याच्या आधीचा एक प्रसंग कॉमर्सच्या मुलांनी लक्षात ठेवावा. १९१७ मध्ये परदेशातून परत आल्यावर, बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर, बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. चरित्रकारांनी नोंदवलंय की सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासं झालं आणि तो व्यवसाय बंद करावा लागला. विचार करा. त्या वेळी मुंबईत त्यांच्याइतकं अर्थशास्त्र शिकलेली माणसं किती असतील? म्हणजे कपॅसिटीचा प्रश्न नव्हता. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथे काही सहकाऱ्यांनी त्यांच्या पाणी पिण्याच्या भांड्यावर आक्षेप घेतला.

दुसरं उदाहरण कोल्हापूरचं. गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायला लागले, सोबतच्यांनाही पाजायला लागले. महाराजांनी भांडवलाला मदत केली हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी आपली पत त्या हॉटेलाला दिली. धंद्याला पैसा लागतो तशी ही दुसरी पतही लागते, आणि ती कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

आता शंभर वर्षांनंतर काय? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याचं प्रमाण उच्चजातीय नावाच्या तुलनेत ०.६७ निघालं. त्याच सुमारास अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन यांनी इथल्याच, दिल्लीतल्या विद्यापीठांमधल्या मुलांच्या नोकरीच्या शोधाचा मागोवा घेतला. दलित मुलांना मुलाखतीत घरच्यांविषयीचे प्रश्न कसे अडचणीत टाकतात, हे त्यात आलंय. आणि वरच्या टोकाला काय आहे, ते २०१२ मधला हजार भारतीय कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास सांगतो. ९३ टक्के संचालक उच्चजातीय.

'फॅमिली बॅकग्राउंड'चा हा प्रश्न मलाही विचारला गेला. कॅम्पस प्लेसमेंट, एक खासगी कंपनी. रेशोचे प्रश्न झाले, कॅश फ्लोचे झाले, सगळं नीट दिलं. मग हसत हसत, 'वडील काय करतात?' मी म्हणाले, 'ट्रेडिंगमध्ये आहेत.' पुढचा प्रश्न आला, 'कोणत्या मालाचं ट्रेडिंग? फर्मचं नाव काय?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोकरी मिळाली नाही. ती त्याच कारणाने गेली असं मी सिद्ध करू शकत नाही. पण ज्या माणसाच्या पाठीवरच्या पोत्यांनी मला शिकवलं, त्याला मी तिथे लपवलं, याची लाज नोकरी गेल्यापेक्षा जास्त दिवस टिकली.

नंतर मी परीक्षा देऊन एका सरकारी बँकेत अधिकारी झाले. आरक्षित जागेतून. हे मी मुद्दाम मोठ्याने सांगते, कारण आपली मुलं हे वाक्य आवाज खाली करून बोलतात. पोस्टिंग मिळालं इंदूरकडे. महू जवळ, बाबासाहेबांचं जन्मगाव, म्हणून मी खूश होते. आता जे सांगणार आहे ते सांगायला मला बरीच वर्षं लागली.

शाखेत पहिल्याच वर्षी माझ्या टेबलावर मुद्रा कर्जाची एक फाइल आली. बलाई समाजाची एक बाई, शाळांचे गणवेश शिवून देणारी. मशीन आणि कापडासाठी दोन लाख हवे होते. मुद्राला तारण लागत नाही. तिच्याकडे ऑर्डरची वही होती, कापडवाल्याची बिलं होती. पण सिबिलचा स्कोअर नव्हता. हा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, आणि ज्याने कधी बँकेचं कर्जच घेतलं नाही त्याचा तो आकडा येत नाही. वस्तीतलं घर, आयकराचं विवरणपत्र नाही. मी शेरा मारला, 'पार्श्वभूमी समाधानकारक नाही', आणि फाइल परत गेली. वरच्यांनी सांगितलं नव्हतं. जुन्या फाइली वाचून शेरा कसा लिहायचा हे मी शिकले होते, तसा लिहिला.

तीन-चार महिन्यांनी तपासणीसाठी जुन्या फाइली काढल्या, तेव्हा एका दुकानदाराच्या मुलाची फाइल हाती आली. जवळपास तेवढीच रक्कम, स्कोअर नाही, विवरणपत्र नाही. शेरा होता, 'कुटुंब शाखेच्या परिचयाचे'. मंजूर. खाली सही माझी. आकडे सारखे, सही एकच, शेरे दोन. परभणीचा किराणावाला माझ्या खुर्चीत बसला होता.

मी त्या बाईच्या घरी गेले. तिने बसायला दिलं, चहा केला. म्हणाली, 'मॅडम, आता गरज नाही.' तिने एका खासगी फायनान्सवाल्याकडून चढ्या व्याजाने पैसे उचलले होते. मी पुन्हा अर्ज करा म्हटलं. ती हो म्हणाली, पण आली नाही. मी माफी मागितली का? नाही. शब्द जुळवत होते तोवर चहा संपला.

म्हणून सांगते, आपली माणसं व्यवस्थेत गेली की काम झालं, असं समजू नका. खुर्ची आपल्याला तिची जुनी भाषा शिकवते. फायनान्सच्या शिक्षणाचा खरा उपयोग ती भाषा ओळखण्यासाठी करा. त्या दिवसानंतर मी एक सवय लावली. फाइल आली की नाव आणि पत्त्याच्या पानावर कोरा कागद ठेवते. आधी येणं, जाणं, उरणं एवढं काढते, हप्ता बसतो का बघते, आकड्यावरून मत लिहून ठेवते. मग कागद उचलते. मत बदलावंसं वाटलं, तर का वाटलं याचं कारण फाइलवर लिहायचं. कारण लिहिता आलं नाही, तर मत बदलायचं नाही.

आता तयारीबद्दल.

पहिलं, हिशेब मनापासून शिका. नोट्स पाठ करून पास होता येतं, पण मुलाखतीत टिकता येत नाही. दर महिन्याला एका कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या. नफा दिसतो पण रोख कुठे गेली, ते शोधा. एक्सेल हाताला बसू द्या. इंग्रजी अडतं म्हणून विषय सोडू नका. अडत म्हणजे ब्रोकरेज हे मला कळलं, त्या दिवशी अर्धी भीती गेली.

दुसरं, सी.ए. करायचं असेल तर समजून करा. त्या परीक्षेत आरक्षण नाही, आणि आर्टिकलशिप बऱ्याचदा ओळखीने मिळते. ओळख नसेल तर एकट्याने दारं ठोठावू नका. आपले जे सी.ए. झालेत त्यांची यादी करा, गटाने संपर्क साधा.

तिसरं, कागद आधी तयार ठेवा. जातीचं प्रमाणपत्र, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातींना कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, आणि तारीख गेली की कुणी ऐकत नाही. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत पतहमी योजना आहे, तेव्हा 'तारण आणा' म्हटलं तर लेखी मागा. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुना इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. हे काउंटरवर शांतपणे बोलून दाखवा. ते ऐकून खुर्चीतला माणूस फाइल पुन्हा उघडतो. मी त्या खुर्चीत बसते, म्हणून सांगते.

चौथं, वडील काय करतात या प्रश्नाचं उत्तर आजच तयार करा. मी आज दिलं असतं ते असं: 'वडील मोंढ्यात हमाल होते. शेतमालाच्या भावातून कुणाचा किती वाटा जातो, हे मी त्यांच्याकडून शिकले. विचारा.' यानंतरही नोकरी जाऊ शकते. पण त्या खोलीतून बाहेर पडताना मान खाली नसेल.

आणि शेवटचं. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ मध्ये मुंबईत वाणिज्य आणि अर्थशास्त्राचं वेगळं कॉलेज काढलं, सिद्धार्थ कॉलेज. ज्याचा स्वतःचा सल्ल्याचा धंदा जातीने बुडवला, त्याने आपल्या मुलांना या क्षेत्रापासून लांब राहा असं सांगितलं नाही. तिथे जायचा रस्ता बांधला. तुमच्यापैकी जो पुढे जाईल त्याने मागच्या एकाची तरी मुलाखतीची तयारी करून घ्यावी, एकाचा तरी कर्जाचा अर्ज तपासून द्यावा.

माझा नंबर आयोजकांकडे आहे. रविवारी दुपारी मी मोकळी असते. मुलाखत असेल तर आदल्या आठवड्यात फोन करा, आदल्या रात्री नको.

जय भीम.