माळीकामापासून ओईसीडीच्या प्रमुखपदापर्यंत



1996 साली पंचविशीतला एक बेल्जियन तरुण ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात कायमचा राहायला आला. नाव माथियास कॉर्मान. घरची भाषा जर्मन. फ्रेंच, डच आणि इंग्रजी मागाहून शिकलेल्या. बेल्जियममधल्या कायद्याच्या पदवीवर पर्थमध्ये वकिली करता येईना, म्हणून त्याने एका शाळेत माळीकाम धरले. पुढे राजकीय नेत्यांच्या कार्यालयांत नोकरी, 2000 मध्ये नागरिकत्व, 2007 मध्ये सिनेटचे, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, सदस्यत्व आणि 2013 ते 2020 अशी सलग सात वर्षे देशाचे वित्तमंत्रिपद!

या सात वर्षांत सिनेटमध्ये त्यांच्या सरकारला बहुमत नव्हते. विधेयक मंजूर करून घ्यायचे तर लहान पक्षांची आणि अपक्षांची मनधरणी करावी लागे. कोणाची अडचण काय, कोण कुठवर येईल, हे हेरून मते जमवण्यात कॉर्मान तरबेज झाले. माझ्या मते, त्यांची खरी शिदोरी हीच.

1 जून 2021 रोजी ते पॅरिसमध्ये ओईसीडीचे सरचिटणीस झाले. 38 देशांची ही आर्थिक संघटना कर्ज देत नाही. देशोदेशींची आकडेवारी तपासायची, धोरणांची तुलना करायची आणि सर्वांच्या संमतीने नियम घडवायचे, हे तिचे काम. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान 15 टक्के कर असावा, हे 140 पैकी 136 देशांनी मान्य केले. त्यांत भारतही होता. वाटाघाटी अनेक वर्षे चालल्या होत्या, त्यामुळे हे श्रेय एकट्या कॉर्मान यांचे नाही. शिवाय जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने हा करार आपल्याला लागू नसल्याचे जाहीर केले. जमवलेली सहमती टिकवणे किती कठीण, हे त्यातून दिसले.

त्यांच्यावर आक्षेपही आहेत. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाने कार्बन कर रद्द केला, त्या सरकारात ते वित्तमंत्री होते. म्हणूनच पर्यावरण संघटनांनी त्यांच्या निवडीला विरोध केला. तो विरोध मला रास्त वाटतो.

तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. ऑस्ट्रेलियाने या स्थलांतरिताला नुसती रोजीरोटी दिली नाही. देशाच्या तिजोरीचे निर्णयही त्याच्या हाती सोपवले. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांना माझे एवढेच सांगणे आहे: पगार आणि घर यांवर थांबू नका. तिथल्या सभांना जा, मतदान करा, निवडणुकीला उभे राहा. जिथे कर भरता, तिथल्या कारभारातही तुमचा वाटा असू द्या.